6/6 पुरेसं नाही: लेसरनंतर वैमानिकाची ग्लेअर चाचणी सक्तीची हवी

लेसरने चष्मा घालवलेल्या वैमानिकाने तपासणीच्या खोलीत पाटीवरची शेवटची ओळ वाचली की बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांप्रमाणे प्रथम श्रेणीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी प्रत्येक डोळ्याने किमान 6/9 आणि दोन्ही मिळून 6/6 दिसावं लागतं. शस्त्रक्रिया धड झाली असेल तर तेवढं दिसतंच. पण ही पाटी मोजते काय? पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळीकुट्ट अक्षरं, भरपूर उजेड, नजरेसमोर दुसरा दिवा नाही, आणि त्या उजेडात आकसून तीनेक मिलिमीटरची झालेली बाहुली. रात्री पावसात धावपट्टी शोधणाऱ्या वैमानिकाच्या वाट्याला यातली एकही गोष्ट येत नाही. त्याची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते, काचेवर पाणी असतं, समोर शेकडो दिवे असतात आणि त्या दिव्यांच्या मधल्या अंधारात काय आहे तेच त्याला ओळखायचं असतं.

म्हणून लेसरनंतर उड्डाणाची परवानगी देताना मंद उजेडातली कॉन्ट्रास्ट चाचणी (खूण आणि तिची पार्श्वभूमी यांतला फिकट फरक किती ओळखता येतो ती) आणि ग्लेअर चाचणी (बाजूच्या दिव्याने दिपल्यावर किती दिसतं ती) सक्तीची असावी, ती शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा व्हावी, आणि तिचा निकाल आकड्यात लिहिला जावा. तोच आकडा शस्त्रक्रिया न झालेल्या वैमानिकालाही लागू करावा. या शेवटच्या मुद्द्यावर वाद होईल, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख लेसर शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. अमेरिकी नौदलाने नव्वदच्या दशकातच आपल्या माणसांवर पीआरके (डोळ्याच्या पृष्ठभागावरच लेसर चालवण्याची पद्धत) करून अभ्यास सुरू केले. नासाने 2007 मध्ये अंतराळवीरांनाही ही शस्त्रक्रिया चालेल असं ठरवलं. बहुसंख्य डोळे उत्तम बरे होतात. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे, आणि आजच्या पद्धतीत ते थोडे ओळखूच येत नाहीत.

दोन वेगळे दोष, एकच तक्रार

'रात्री दिव्यांचा त्रास होतो' या एका वाक्यामागे दोन निराळी कारणं असू शकतात. एकाची चाचणी दुसरं पकडत नाही, म्हणून ती वेगळी करून पाहायला हवीत.

पहिलं कारण प्रकाश विखुरण्याचं. पीआरकेनंतर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, हलकी धूसरता येऊ शकते. पहिल्या काही महिन्यांत ती वाढते आणि पुढे बहुधा ओसरते. लॅसिकमध्ये कापलेल्या पापुद्र्याखाली सूक्ष्म सुरकुत्या, कण किंवा दाह राहू शकतो. स्माइल पद्धतीत आतून काढलेल्या चकतीच्या जागेचे पृष्ठभाग गुळगुळीत व्हायला वेळ लागतो. या सगळ्यांतून बाजूच्या दिव्याचा प्रकाश डोळ्याच्या आत पसरतो आणि पूर्ण दृश्यावर फिकट पडदा धरतो. हा पडदा मोजता येतो. निरोगी तरुण डोळ्यासाठी ढोबळ सूत्र असं आहे: दिव्याचा डोळ्यावर पडणारा प्रकाश लक्समध्ये घ्यायचा, त्याला 10 ने गुणायचं, आणि दिवा नजरेच्या रेषेपासून जितके अंश दूर आहे त्याच्या वर्गाने भागायचं. पाच अंशांवरचा दिवा डोळ्यावर 1 लक्स टाकत असेल तर पडदा होतो 0.4 कँडेला प्रति चौरस मीटर. अंधारातला पृष्ठभाग स्वतः 0.1 कँडेलाचा असेल तर त्यावरच्या खुणेचा मूळ कॉन्ट्रास्ट एक पंचमांश उरतो. डोळ्यातलं विखुरणं दुप्पट झालं की तो एक नवमांशावर येतो. पाटीवरचा 6/6 मात्र जिथल्या तिथे.

दुसरं कारण बाहुलीच्या काठाचं. लेसर कॉर्नियाच्या मध्यावर ठरावीक व्यासाचं वर्तुळ सुधारतो. सुरुवातीच्या काळात हा व्यास चार-पाच मिलिमीटर असे, आज साधारण सहा ते साडेसहा असतो आणि भोवती सुधारणा हळूहळू कमी होत जाणारा उताराचा पट्टा असतो. अंधारात बाहुली या वर्तुळापेक्षा मोठी झाली की काठातून येणारा प्रकाश जुन्याच नंबरातून येतो. हिशेब करून पाहा. नंबर उणे 3, सुधारलेलं वर्तुळ 6 मिलिमीटर, बाहुली 7 मिलिमीटर, उताराचा पट्टा नाही असं धरू. बाहुलीतून शिरणाऱ्या प्रकाशाचा जवळपास पाव हिस्सा न सुधारलेल्या कड्यातून येतो आणि प्रत्येक दिव्याभोवती सुमारे अर्धा अंश त्रिज्येचं खळं उमटवतो. म्हणजे हे खळं पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद झालं.

आता धावपट्टीशेजारचे, उतरण्याचा कोन दाखवणारे पापी (PAPI) दिवे घ्या. चार दिवे एका ओळीत, एकमेकांपासून 9 मीटरवर. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर, तीन लाल म्हणजे विमान खाली, चारही लाल म्हणजे फारच खाली. तीन किलोमीटरवरून शेजारच्या दोन दिव्यांत 10 कलांचं (60 कला म्हणजे 1 अंश) अंतर दिसतं, आणि चार दिव्यांची पूर्ण ओळ 31 कलांत बसते. वर काढलेल्या खळ्याची त्रिज्याही साधारण तेवढीच आहे. म्हणजे प्रत्येक दिव्याचं खळं बाकीच्या तिघांवर पडतं, लाल आणि पांढरा एकमेकांत मिसळतात. उताराचा पट्टा असलेल्या आजच्या लेसरने हा परिणाम बराच सौम्य होतो, पण मोठा नंबर आणि मोठी बाहुली एकत्र आली तर तो पूर्ण जात नाही.

जाडीच्या अटीमुळे काय होतं

भारतात हवाई दलाच्या भरतीचे लॅसिकबाबतचे निकष सर्वांना ठाऊक आहेत: शस्त्रक्रियेच्या वेळी वय 20 च्या वर, ती होऊन किमान 12 महिने, आधीचा नंबर 6 पेक्षा जास्त नको, डोळ्याची लांबी मर्यादेत, आणि उरलेली कॉर्निया किमान 450 मायक्रॉन जाड. नागरी वैमानिक व्हायला निघालेली मुलंही हीच यादी हातात घेऊन सर्जनकडे जातात. यादी विचारपूर्वक केलेली आहे. लांब डोळ्याच्या पडद्याला धोका असतो, पातळ कॉर्निया पुढे फुगू शकते, हे खरंच आहे. पण यादीतल्या सगळ्या अटी डोळ्याच्या रचनेच्या आहेत. त्या डोळ्याने रात्री काय दिसतं, हे त्यातली एकही अट विचारत नाही.

आणि इथे एक अनिष्ट ओढ तयार होते. लेसर किती खोल कोरेल याचं मूळ सूत्र सोपं आहे: नंबर गुणिले वर्तुळाच्या व्यासाचा वर्ग, भागिले तीन. उणे 6 नंबरसाठी साडेसहा मिलिमीटरचं वर्तुळ घेतलं तर सुमारे 84 मायक्रॉन जातात, 6 मिलिमीटरचं घेतलं तर 72. मूळ कॉर्निया 530 मायक्रॉनची असेल तर पहिल्या निवडीने उरतात 446 आणि उमेदवार बाद होतो. दुसऱ्या निवडीने उरतात 458 आणि तो पात्र ठरतो. आजची यंत्रं प्रत्यक्षात या सूत्रापेक्षा थोडं जास्तच कोरतात, पण दिशा हीच राहते. अट फक्त जाडीची असेल तर सर्जन आणि उमेदवार दोघांनाही वर्तुळ लहान ठेवण्यात फायदा दिसतो, आणि लहान वर्तुळाचा हिशेब रात्री दिव्यांच्या खळ्यांत चुकवावा लागतो. जाडीची अट काढून टाका असं मी म्हणत नाही. तिच्या जोडीला मंद उजेडातली चाचणी ठेवली तर ही ओढ आपोआप थांबेल, कारण लहान वर्तुळाची किंमत त्याच कागदावर दिसेल.

विचारून कळत नाही

अमेरिकेत विमान वाहतूक प्रशासनाची पद्धत मुख्यतः नेत्रतज्ज्ञाच्या अहवालावर चालते. जखम भरली आहे, नजर स्थिर आहे, दिपणं, खळी किंवा रात्री कमी दिसणं असा त्रास नाही, असं त्याने लिहून द्यायचं. पण खळं पाहणारा डोळा वैमानिकाचा असतो. डॉक्टर ते बाहेरून पाहू शकत नाही, त्याला विचारावंच लागतं.

विचारल्यावर काय होतं याचा चांगला पुरावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने राष्ट्रीय नेत्र संस्था आणि संरक्षण विभागासोबत केलेल्या प्राउल अभ्यासांत मिळतो. एका गटात नौदलातले लोक होते, दुसऱ्यात नागरिक, मिळून पाचशेहून अधिक. शस्त्रक्रियेआधी दृष्टीची कसलीच तक्रार नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी निदान एक नवं लक्षण नोंदवलं, आणि त्यात खळी दिसणं सर्वांत जास्त होतं. या लक्षणांमुळे रोजची कामं फार अडली असं म्हणणारे एक टक्क्याहूनही कमी निघाले, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा प्रश्नावलीवर लक्षणं मान्य करण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. या लोकांचा वैमानिकाचा परवाना पणाला लागलेला नव्हता, तरी ही स्थिती. ज्याने व्यावसायिक परवान्यासाठी लाखो रुपयांचं कर्ज काढलंय, त्याला तपासणीच्या टेबलावर 'रात्री काही त्रास?' असं विचारणं म्हणजे त्याला नाही म्हणायला लावणंच आहे. यात त्याला खोटारडा ठरवायचं कारण नाही. दोष त्याला अशा कोंडीत टाकणाऱ्या पद्धतीचा आहे.

नजरेची एखादी तडजोड प्रमाणपत्राला दिसत नाही आणि धावपट्टीवर मात्र दिसते, याचं जवळचं उदाहरण 1996 मधलं आहे. 19 ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर पावसात, पाण्यावरून उतरताना डेल्टाचं एमडी-88 धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या दिव्यांच्या सांगाड्यावर आदळलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. कॅप्टनने एका डोळ्यात लांबचं आणि दुसऱ्यात जवळचं दिसावं अशा वेगवेगळ्या नंबरांच्या कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या होत्या. मंद उजेड, पाऊस आणि दिव्यांमधलं असमान अंतर यांतून झालेल्या दृष्टिभ्रमावर त्या लेन्समुळे त्याला मात करता आली नाही, असं चौकशी मंडळाने नोंदवलं. हा लेसरचा अपघात नव्हे. पण उजेडातल्या पाटीसमोर निभावून जाणारी नजर कमी उजेडात कशी उघडी पडते, ते यातून कळतं.

चाचणी नेमकी कशी, आणि कुठे फसते

विखुरणं मोजायला सी-क्वांट नावाचं जर्मन बनावटीचं यंत्र आहे, त्यामागची पद्धत नेदरलँड्समध्ये घडली. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने नळीत पाहायचं. मधलं वर्तुळ दोन अर्ध्यांत विभागलेलं असतं आणि भोवती लुकलुकणारं कडं. कोणता अर्धा भाग जास्त लुकलुकतो त्या बाजूचं बटण दाबायचं. पंचवीसेक तुलना होतात, एका डोळ्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. यंत्र लॉगॅरिदममध्ये एक आकडा देतं. निरोगी तरुण डोळ्यात तो 0.9 च्या आसपास येतो, आणि 0.3 ची वाढ म्हणजे विखुरणं दुप्पट. सोबत उत्तरांच्या विश्वासार्हतेचा अंक येतो. तो 0.08 च्या वर गेला तर चाचणी पुन्हा घ्यायची. मुद्दाम चुकीची बटणं दाबून आकडा सुधारणं अवघड आहे, कारण उत्तरं विसंगत झाली की हा अंकच ते सांगतो.

चुका होतात त्या साध्या गोष्टींत. चाचणीसाठी बसवलेल्या भिंगावर बोटांचे ठसे असले तर भिंगाचंच विखुरणं मोजलं जातं. कोरड्या डोळ्यावर अश्रूंचा थर फुटलेला असला तर आकडा वाढतो. आताच कृत्रिम अश्रूंचे थेंब घातले असतील तर तोच डोळा काही मिनिटांसाठी फसवा चांगला दिसतो. लेसरनंतर कोरडेपणा सर्रास असतो आणि विमानात हवेची आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून चाचणीआधी निदान तासभर थेंब नकोत, असा नियमच हवा. आणखी एक बाब आपल्यासाठी महत्त्वाची आहे. फिकट रंगाच्या बुबुळातून प्रकाश आत झिरपतो, गडद तपकिरी बुबुळातून फारसा नाही. त्यामुळे युरोपीय सरासरी आपल्या डोळ्यांना थोडी सैल पडते. भारतीय वैमानिकांचे वयानुसार आकडे इथेच गोळा करायला हवेत.

सी-क्वांट साधारण पाच ते दहा अंशांवरचं विखुरणं मोजतो. अर्ध्या अंशाचं खळं त्याला दिसत नाही. त्यासाठी मंद उजेडात, बाहुली उघडी असताना कॉन्ट्रास्ट मोजावा लागतो. जर्मनीत वाहनचालकांसाठी वापरला जाणारा मेसोटेस्ट या कामाला चालतो. आधी दहा मिनिटं अंधारात बसवायचं. मग 0.032 कँडेला उजेडाच्या पार्श्वभूमीवर तुटक कड्याची फट कुठे आहे ते विचारायचं, पायरीपायरीने कॉन्ट्रास्ट उतरवत. नंतर 0.1 कँडेलावर, बाजूला ग्लेअरचा दिवा लावून, हेच पुन्हा. अंधारात बसवण्याची दहा मिनिटं घाईत गाळली की निकाल निरर्थक होतो, आणि गर्दीच्या तपासणी केंद्रात सगळ्यात आधी तीच गाळली जातात.

इथला सर्वांत मोठा सापळा ग्लेअरच्या दिव्याचाच आहे. दिवा प्रखर असला की बाहुली आकसते, काठाचा न सुधारलेला भाग झाकला जातो, आणि लेसर झालेला डोळा दिव्यासकट जास्त चांगलं पाहतो. मोतीबिंदूसाठी वापरल्या जाणाऱ्या ब्राइटनेस अ‍ॅक्युइटी टेस्टरमध्ये हे हमखास होतं. त्याची अर्धगोल वाटी डोळ्याशी धरतात आणि तिची सर्वांत वरची पायरी 400 फूट-लँबर्टची असते. मोतीबिंदूचं विखुरणं तीत छान पकडलं जातं, लॅसिकची खळी मात्र त्याच क्षणी पुसली जातात. म्हणून नुसतं 'ग्लेअर चाचणी केली, ठीक' असं प्रमाणपत्र काही सांगत नाही. कोणतं यंत्र, किती उजेड, दिव्यासह आणि दिव्याविना किती कॉन्ट्रास्ट, आणि त्या वेळी बाहुली किती मिलिमीटर, हे चारही लिहिलेलं असलं तरच तो निकाल वाचण्यालायक.

युरोपच्या नियमांनी निम्मा रस्ता कापला आहे. नंबर दिवसभरात 0.75 डायॉप्टरपेक्षा जास्त हलता कामा नये, ग्लेअरची संवेदनशीलता सामान्य मर्यादेत हवी, मंद उजेडातला कॉन्ट्रास्ट बिघडलेला नको, असं तिथे मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. उणीव एवढीच की त्या ओळींत ना आकडा आहे ना यंत्र. सामान्य मर्यादा कोणती ते प्रत्येक तपासनीस आपापल्या परीने ठरवतो. त्याहून पुढचं काम लंडनच्या सिटी विद्यापीठात जॉन बार्बर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणासोबत केलं आणि 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी आधी कॉकपिटमध्ये वैमानिकाला किती बारीक तपशील, किती उजेडात ओळखावा लागतो ते मोजलं. त्यावर बेतून उजेडात आणि मंद उजेडात, नजरेच्या केंद्रात आणि भोवतीच्या पाच अंशांपर्यंत तुटक कड्याची चाचणी रचली, आणि निकाल सामान्य डोळ्यांच्या मर्यादेशी ताडून पाहिला. आधी कामाची गरज आणि मग डोळ्याची परीक्षा, हा क्रम मला बरोबर वाटतो. डीजीसीएने (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नियम लिहिताना इथून सुरुवात करावी.

आक्षेप

पहिला आक्षेप वैमानिकांचाच असेल: शस्त्रक्रिया झाली म्हणून आमच्यामागे एक चाचणी जास्त का? आक्षेप योग्य आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे ही चाचणी सगळ्यांना लावणं. डोळ्यातलं विखुरणं वयाबरोबर वाढतं. पासष्टीला ते तरुणपणीच्या साधारण दुप्पट होतं, भिंगात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर त्याहून जास्त. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिक 65 व्या वर्षापर्यंत उडवतात. अठ्ठावीस वर्षांच्या, उत्तम लॅसिक झालेल्या सहवैमानिकाचा आकडा 0.95 आणि शेजारच्या चौसष्ट वर्षांच्या कॅप्टनचा 1.3 असेल, तर चौकशी पहिल्याची करून दुसऱ्याला सोडून देण्याला काही अर्थ नाही. संध्याकाळी मुंबईत 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उतरताना मावळता सूर्य दोघांच्याही डोळ्यांत सारखाच येतो. डोळा कोणत्या कारणाने धूसर झाला याच्याशी नियमाला कर्तव्य नसावं. किती धूसर झाला, एवढंच त्याने पाहावं. साठीनंतर वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी होतेच. तीत पाच-सहा मिनिटांची ही भर जड नाही.

दुसरा आक्षेप: चाचणीत नापास झाला तर त्याचं करिअर संपेल. म्हणून पहिला निकाल अंतिम धरू नये. कोरडेपणा उपचाराने सुधारतो, पीआरकेची धूसरता महिन्यांनी विरते, काठाचा दोष काही वेळा दुरुस्तीच्या लेसरने कमी होतो. तिसऱ्या महिन्यात मर्यादा ओलांडणाऱ्याला सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा संधी द्यावी, तोवर फक्त दिवसा उड्डाण. विमान कंपनीच्या वेळापत्रकात 'फक्त दिवसा' याचा अर्थ अनेकदा घरी बसणं होतो, हे मान्य. त्यामुळेच त्या काळातलं वेतन आणि परवाना विमा यांची तरतूद नियमासोबतच व्हायला हवी. ती नसेल तर लक्षणं लपवण्याची जुनीच सवय चाचणीलाही चुकवण्याचे मार्ग शोधेल.

चाचणी कोणी करावी हेही ठरायला हवं. ज्या केंद्रात शस्त्रक्रिया झाली तिथे नको. बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचं एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंट इथे नागरी वैमानिकही तपासले जातात. सुरुवात तिथून करून पुढे प्रथम श्रेणीची तपासणी करणाऱ्या मुंबई आणि इतर शहरांतल्या केंद्रांत तीच यंत्रं, तोच उजेड आणि तीच नोंदवही द्यावी.

नियम व्हायला वेळ लागेल. तोवर लेसरचा विचार करणाऱ्या प्रशिक्षणार्थींनी आपली नोंद स्वतः तयार ठेवावी. शस्त्रक्रियेआधी अंधारातला बाहुलीचा व्यास मोजून घ्यावा, सर्जनला सुधारलेल्या वर्तुळाचा आणि उताराच्या पट्ट्याचा व्यास लेखी मागावा. बाहुली वर्तुळापेक्षा मोठी असेल आणि नंबर उणे 5-6 च्या घरात असेल तर चष्मा ठेवणं जास्त शहाणपणाचं, कारण चष्म्याने उडता येतं. विखुरण्याचा आणि मंद उजेडातल्या कॉन्ट्रास्टचा शस्त्रक्रियेआधीचा आकडा फक्त त्या दिवसापर्यंतच मिळतो. लेसर झाल्यावर तो कोणत्याही यंत्राने मागे जाऊन काढता येत नाही, आणि पुढे कधी वाद झाला तर डोळा आधीपासून असाच होता की नंतर बिघडला, हे ठरवायला दुसरं काहीच हाताशी नसतं.